हक्क नोकरांचा, हिशेब जनतेचा

जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्य सरकारी नोकरांनी १४ मार्च २०२३ रोजी पुकारलेला संप २० मार्चला मिटला. प्रश्न मात्र मिटला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांचे निश्चित निवृत्तिवेतन बंद झाले. एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघांतील हा भेद जाचक होता, हे आम्हांस मान्य आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी दिली आणि राज्यानेही तोच मार्ग धरला.

परंतु हा भार उचलणार कोण? लातूरचा सोयाबीन पिकविणारा शेतकरी आणि नांदेडचा हातगाडीवाला आयकर भरीत नसतील; खत व चहासाखर घेताना ते कर भरतातच. त्यांच्या म्हातारपणास मात्र अशी हमी नाही.

आज दिलेल्या वचनाची हुंडी उद्याच्या पिढीने वटवायची असते. म्हणून सरकारने येत्या तीस वर्षांचा खर्च विधिमंडळापुढे आकड्यांनिशी मांडावा. आणि तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्याचे काम वेळेवर होईल, याची हमी संघटनांनी हक्काइतक्याच आग्रहाने द्यावी. करदात्याचा विश्वास हेच निवृत्तिवेतनाचे खरे तारण होय.