येदवाब्नेची शिळा

पोलंडच्या ईशान्य भागातील येदवाब्ने या छोट्याशा गावात १० जुलै १९४१ रोजी ज्यू रहिवाशांना एका कोठारात कोंडून जिवंत जाळण्यात आले. सोव्हिएत फौजा हटून जर्मन फौजा गावात शिरल्यास जेमतेम तीन आठवडे झाले होते. साठच्या दशकात तेथे स्मृतिशिळा बसवण्यात आली. गेस्टापो व हिटलरच्या पोलिसांनी १६०० ज्यूंना जाळले, असे तिच्यावर कोरले होते. वास्तविक, कम्युनिस्ट राजवटीच्याच न्यायालयाने १९४९ मध्ये याच हत्याकांडासाठी स्थानिक पोलिश गावकऱ्यांना शिक्षा सुनावली होती. म्हणजे न्यायालयाच्या दप्तरात जे होते, ते दगडावर नव्हते. फॅसिझमविरोधी लढ्याच्या अधिकृत इतिहासात शेजाऱ्यांच्या गुन्ह्याला जागा नव्हती.

कम्युनिस्ट राजवट १९८९ मध्ये कोसळली, तरी शिळा जागची हलली नाही. इतिहासकार यान टॉमाश ग्रॉस यांचे 'शेजारी' या अर्थाच्या शीर्षकाचे पुस्तक २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि देश ढवळून निघाला. पोलंडमधील सुमारे ३० लाख ज्यू या युद्धात मारले गेले. दुसरीकडे, ज्यूंना वाचवल्याबद्दल इस्रायलने गौरवलेल्या व्यक्तींमध्ये पोलिश नागरिकांचीच संख्या सर्वाधिक आहे. स्वतःकडे केवळ बळी आणि वीर म्हणून पाहणाऱ्या समाजाला हा आरोप पचणे कठीण होते.

सरकारी 'राष्ट्रीय स्मृती संस्थे'च्या चौकशीने किमान ३४० जणांचा बळी गेल्याचा निष्कर्ष काढला. जर्मनांची चिथावणी होती, मात्र प्रत्यक्ष कृत्य स्थानिक पोलिश लोकांचे होते, असेही तिने नमूद केले. ज्यू धर्मनियमांमुळे उत्खनन अर्धवट थांबवावे लागल्याने नेमक्या आकड्याचा वाद मात्र मिटला नाही. जुनी शिळा हटवून २००१ मध्ये नवे स्मारक उभारले गेले आणि ६०व्या स्मृतिदिनी राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्नेव्स्की यांनी तेथे क्षमा मागितली. अनेक गावकरी मात्र त्या सोहळ्याकडे फिरकलेही नाहीत. नव्या स्मारकावर बळींचा उल्लेख आहे, मारेकऱ्यांचा नाही. ही तडजोडच म्हणायची.

नाझी गुन्ह्यांचे खापर पोलिश राष्ट्रावर फोडणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करणारा कायदा २०१८ मध्ये झाला. इस्रायल व अमेरिकेच्या तीव्र आक्षेपानंतर काही महिन्यांतच कैदेचे कलम वगळण्यात आले. जुलै २०२५ मध्ये स्मारकालगतच्या खासगी जमिनीवर नवे दगड आणि पाट्या उभ्या राहिल्या. त्यांवर पुन्हा जर्मनांनाच दोषी ठरवले आहे.