न झालेल्या नुकसानीचा पंचनामा
(आपत्तीचं अर्थकारण : लेखांक ५)

मदतीचा पैसा दिल्लीहून तहसील कचेरीपर्यंत कसा झिरपतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच्या अलीकडचा प्रश्न : आपत्ती येण्याआधी खर्च करायला पैसा का निघत नाही?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन-मुरुडच्या वाड्यांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. मदतीचे निकष हेक्टरी. इथली वाडी गुंठ्यांत, त्यातही नारळ, सुपारी, मिरी, जायफळ एकमेकांत मिसळलेलं. शेवटी झाडामागे दर ठरवावा लागला : नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. नवी पोफळ उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षं जातात, हे लक्षात घेतलं तर ही रक्कम थट्टाच. पण त्या ५० रुपयांना निदान पंचनामा आहे, तलाठ्याची सही आहे, लेखाशीर्ष आहे. विजेच्या तारा आधीच जमिनीखालून नेल्या असत्या, तर जे नुकसान टळलं असतं त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

कायद्याला हे सुचलं नव्हतं असं नाही. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ४६ प्रतिसाद निधीचं आणि लगेच पुढचं ४७ सौम्यीकरण निधीचं, म्हणजे धोका आधीच कमी करण्याचं. राष्ट्रीय पातळीवर हा दुसरा निधी उभा राहायला २०२१ उजाडलं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी राज्यांना सुमारे १ लाख ६० हजार कोटी ठरवून दिले; त्यातले ८० टक्के प्रतिसादाला, २० टक्के सौम्यीकरणाला. वाटा लहान आहे, पण निदान वेगळा काढलेला आहे.

अर्थशास्त्राचं गणितही इथे आडवं येतं. समजा, आज बांधलेल्या संरक्षक भिंतीमुळे तीस वर्षांनी एक कोटीचं नुकसान टळणार आहे. भविष्यातल्या रकमेची आजची किंमत काढायला वापरतात तो वटावाचा दर १० टक्के धरला, तर त्या एक कोटीची आजची किंमत भरते जेमतेम पावणेसहा लाख. दर ३ टक्के धरा, तीच एक्केचाळीस लाखांवर जाते. भिंत तीच, दरड तीच. दर कुणी आणि का निवडला, यावर प्रस्ताव मंजूर होणार की फाईल परत येणार हे ठरतं. माझ्या मते माणसांच्या जिवाशी गाठ असलेल्या कामाला १० टक्क्यांचा दर लावणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे.

आणि मतदार? अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुका तपासल्या. मदत वाटणाऱ्या सरकारला मतं वाढतात, पूर्वतयारीवर खर्च करणाऱ्याला नाही. प्रत्यक्षात पूर्वतयारीचा एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो, असा त्यांचा हिशेब. आपल्याकडेही धनादेश वाटपाचा फोटो छापून येतो, उपसलेल्या नाल्याचा नाही.

ओडिशानं मात्र वेगळी वाट धरली. १९९९च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली; २०१३च्या 'फायलिन'मध्ये मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात निवारे, इशारे आणि माणसं हलवण्याच्या सरावावर पैसा ओतला गेला.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा कायद्यानं बंधनकारक आहे आणि तो तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयात असायलाच हवा. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत एवढंच विचारा : यंदा सौम्यीकरण निधीतून आपल्या गावासाठी कोणता प्रस्ताव पाठवला?