तीनचाकी गाडी आणि चढाचा हिशेब

पंचवटींत रामकुंडाच्या अंगानें मालेगाव स्टँडकडे ज्यानें कधीं ओझें बांधलेली सायकल चढविली असेल, त्याला दंतचक्रांचें शास्त्र त्याच्या पायांनींच शिकविलेलें असतें. सपाटीवर पाय भरभर फिरतात; चढ लागतांच तेच पाय जड होतात, आणि अखेर स्वार खालीं उतरून सायकल ढकलूं लागतो. त्याची ताकद तेवढीच असते. पण पायांच्या एका फेऱ्यांत जितकें अंतर कापण्याचा करार साखळीनें केलेला असतो, तो चढावर झेपत नाहीं. माणसाला उतरून ढकलण्याची सोय आहे. पाठीवर द्राक्षांच्या पेट्या घेऊन चढाच्या मध्यावर बंद पडलेल्या तीनचाकी गाडीला ती नाहीं. ती मागें येऊं लागते, आणि मागें माणसें असतात.

तीन चाकांची मालगाडी महाराष्ट्राला नवी नाहीं. 1958 सालीं बजाज टेम्पो ही कंपनी जर्मनींतील टेम्पो कारखान्याच्या सहकार्यानें निघाली, आणि तिच्या तीनचाकीचें नांव मराठींत इतकें रुळलें कीं, पुढें चार चाकांच्या मालवाहू गाडीसही लोक टेम्पोच म्हणूं लागले. शेजारच्या सौराष्ट्रांत तर मोटारसायकलचा पुढचा भाग आणि डिझेल एंजिन यांचा मेळ घालून गांवठी कारागिरांनीं ‘छकडो’ नांवाची गाडी उभी केली. अशा गाड्या पाहून एखाद्या हौशी माणसाच्या मनांत येतें कीं, भंगारांतून एक गिअरपेटी आणि मागचा आंस मिळाला, तर असें वाहन आपल्या अंगणांतही होऊं शकेल. होऊं शकतें, हें खरें. मात्र त्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘गाडी किती पळेल?’ हा असतो, आणि तेथेंच हिशेब उलट्या टोकाकडून सुरू होतो.

प्रथम एंजिनाचा स्वभाव पाहिला पाहिजे. विहिरीवरचें पांच अश्वशक्तीचें डिझेल एंजिन बहुधा मिनिटास 1500 फेऱ्यांवर चालण्यासाठीं बांधलेलें असतें. पंपाला तेवढें पुरतें. त्याचा आवाज दणदणीत आणि चक्र जड, म्हणून तें फार बलवान् आहे असा भास होतो. आंस फिरविण्याची त्याची ताकद, जिला कारागीर टॉर्क किंवा पीळ म्हणतात, ती खरोखरच मोठी असते. परंतु काम करण्याचा एकूण वेग अश्वशक्तीनेंच ठरतो, आणि अश्वशक्ति पांचच आहे. तीनचाकी गाड्यांत बसविण्यासाठीं निघालेलें हलकें डिझेल एंजिन याच्या उलट प्रकृतीचें असतें: फेरे पुष्कळ, पीळ थोडा. दोघांनाही एक मर्यादा समान आहे. पेट्रोल एंजिनाइतक्या विस्तृत फेऱ्यांमध्यें तीं राबत नाहींत. ठराविक फेऱ्यांच्या वर नियामक इंधन तोडतो, आणि फार खालीं आल्यास एंजिन धडधडून गुदमरतें.

आतां एक उदाहरण घ्यावें. गाडी, चालक आणि माल मिळून वजन 900 किलो. एंजिन साडेसात अश्वशक्तीचें, त्याचे जास्तींत जास्त फेरे मिनिटास 3600, आणि त्याचा सर्वांत मोठा पीळ 2400 फेऱ्यांच्या आसपास 1.7 किलोग्रॅम-मीटर. मागच्या चाकाची त्रिज्या पाव मीटर. सर्वांत कठीण चढ सहास एक धरावा, म्हणजे सहा मीटर पुढें गेल्यावर एक मीटर उंची. हमरस्ता सहसा इतका उभा नसतो; पण गुदामाची उतरंड किंवा शेताचा बांध असतो, आणि गाडी अडते ती तेथेंच.

चढावर वजनाचा सहावा भाग, म्हणजे 150 किलो, गाडीला मागें ओढतो. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचे सुमारें 18 किलो त्यांत मिळविले कीं एकूण ओढ 168 किलोंची होते. तिला पाव मीटर त्रिज्येनें गुणलें असतां चाकापाशीं 42 किलोग्रॅम-मीटर पीळ लागतो. एंजिनापाशीं आहे 1.7, आणि त्यांतलाही सुमारें सातवा हिस्सा दांते, साखळी व बेअरिंगें वाटेंतच खातात; उरतो 1.45. बेचाळीसाला या आंकड्यानें भागिलें कीं 29 येतात. याचा अर्थ, चाक एकदां फिरतांना एंजिनानें निदान 29 वेळां फिरलें पाहिजे. पण ही केवळ तोल राखण्यापुरती ताकद झाली; थांबलेली गाडी हलवावयाची तर कांहीं शिल्लक हवी. म्हणून पहिल्या गिअरचें एकूण गुणोत्तर 33 च्या खालीं आणूं नये.

वरच्या टोकाचा हिशेब सोपा आहे. त्याच चाकाचा एक फेरा म्हणजे 1.57 मीटर. ताशीं 50 किलोमीटरला चाकाचे मिनिटास सुमारें 530 फेरे होतात, आणि 3600 ला 530 नें भागिलें कीं 6.8 हें शेवटच्या गिअरचें गुणोत्तर मिळतें. साडेसात अश्वशक्ति सपाटीवर तेवढा वेग जेमतेम देऊं शकते. वारा समोरून आला तर तेंही नाहीं.

खालीं 33 आणि वर 6.8, या दोन टोकांमध्यें पायऱ्या किती असाव्यात? तीनच गिअर ठेवले तर प्रत्येक पायरी 2.2 पटींची होते. 3600 फेऱ्यांवर गिअर बदलला कीं एंजिन एकदम 1640 वर आदळतें, आणि भरल्या गाडीनिशीं तेथून वर येतांना धापा टाकतें. चार गिअर असल्यास पायरी 1.7 पटींची, एंजिन 2100 च्या वरच राहतें, आणि तेथें त्याचा पीळ अजून भक्कम असतो. सायकलच्या पेडलांवरून पाय निसटूं नये, तसेंच हें आहे.

परंतु भंगारांत मिळणारी मोटारीची गिअरपेटी कोणाचा हिशेब पाहून बनविलेली नसते. समजा तिचा पहिला गिअर 3.6 आणि चौथा 1, आणि मागच्या आंसाचें गुणोत्तर 4.5 आहे. पहिल्या गिअरचा गुणाकार 16 च्या आसपास भरतो. हवे होते 33. आंखूड चाकांची जड गाडी या गुणोत्तरावर चढाला लागली, तर चालक क्लच अर्धा दाबून तिला रेटूं पाहतो, आणि थोड्याच दिवसांत क्लचच्या अस्तराचा वास येऊं लागतो. यावर उपाय म्हणजे मध्यें साखळीची एक जोडी घालणें: 17 दांत्यांचें चक्र एंजिनाकडे, 35 दांत्यांचें चाकांकडे. पहिला गिअर 33 वर येतो. मात्र शेवटचा गिअरही त्याच पटीनें खालीं येऊन 9.3 होतो, आणि गाडीचा वेग ताशीं 37 किलोमीटरांवर थांबतो.

येथें बनविणाऱ्याचें मन दुभंगतें. बाजार समितीच्या आवारापर्यंत 37 च्या वेगानें जाण्यांत त्याला कमीपणा वाटतो, आणि तो 35 च्या जागीं 26 दांत्यांचें चक्र बसवितो. सपाटीवर गाडी खुशाल 50 च्या घरांत जाते. पहिला गिअर मात्र 25 वर उतरतो, आणि ज्या चढासाठीं हिशेब मांडला होता तो पुन्हां अजिंक्य होतो. दोन्ही गोष्टी एका पेटींतून निघत नसतील तर वेग सोडावा. वेग कमी पडल्यास उशीर होतो, ओढ कमी पडल्यास गाडी मागें येते.

साखळीसंबंधीं एवढें सांगावयास हवें कीं, लहान चक्राचे दांते सतराहून कमी ठेवूं नयेत. एकाच सिलिंडरचें एंजिन हिसके देत चालतें, आणि अकरा-बारा दांत्यांवर ते हिसके मोजक्या कड्यांवर पडून साखळी लौकर लांबते. विषम दांत्यांचें चक्र घेतल्यास तोच दांता त्याच कडीशीं वारंवार भिडत नाहीं, व झीज सारखी वांटली जाते.

पंचवटींतून पेठ रस्त्यानें निघालेली गाडी सावळ घाटांत पोंचली म्हणजे या सगळ्याची दुसरी बाजू दिसते. उतारावर गाडीच एंजिनाला फिरवूं लागते. खालच्या गिअरमध्यें एंजिन तिला रोखून धरतें आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. गिअर सोडून गाडी उतारावर मोकळी सोडणें म्हणजे सारें ओझें ब्रेकच्या ड्रमवर टाकणें, आणि तापलेला ड्रम ऐन वळणावर धरत नाहीं. उलटपक्षीं, भलत्या वेगांत पहिला गिअर टाकला तर नियामकाचें कांहींच चालत नाहीं. तो इंधन बंद करील, पण फिरविणारें बळ इंधनाचें नसून उताराचें असतें; एंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊन तें फुटूं शकतें. तीनचाकीला वळणावर उलटण्याची भीति आधींच अधिक, म्हणून घाट लागण्यापूर्वींच गिअर उतरवावा.

सार्वजनिक रस्त्याविषयीं कायदाही स्पष्ट आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून कोणतेंही मोटार वाहन रस्त्यावर आणतां येत नाहीं, आणि नव्या प्रकारच्या वाहनाला त्याआधीं पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेची चाचणी उतरावी लागते. तोंवर अशा गाडीची परीक्षा स्वतःच्या आवारांतच घ्यावी. गोण्यांत वाळू भरून पुरतें 900 किलो वजन करावें, मागें कोणी उभें नाहीं हें पाहावें, आणि चढाच्या मध्यावर गाडी थांबवून चाकामागें दगड ठेवावा. मग पहिला गिअर टाकून क्लच सावकाश सोडावा. दगड मागें दाबला न जातां जागेवरच मोकळा राहिला आणि एंजिन गुदमरलें नाहीं, तर 17 आणि 35 हेच दांते कायम करावेत.