यादवीनंतरचा तह: श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथांचे राजकारण

यादवी म्हणजे एकाच राज्यावर हक्क सांगणाऱ्या दोन पक्षांचे आपसांतील युद्ध, आणि मराठी राज्यात ते 1707 साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर पेटले. राजारामांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंजून राज्य टिकवले असल्याने आपल्या पुत्राचा हक्क सोडण्याचे त्यांना काहीच कारण नव्हते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात खेडच्या रणात मराठे मराठ्यांवर चालून गेले; जय शाहूंचा झाला.

या दुहीत कोकण किनारा ताराबाईंच्या पक्षात होता, कारण सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे त्यांच्या बाजूचे होते. शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींनी पकडले, तेव्हा 1713 मध्ये पेशवेपद बाळाजी विश्वनाथ भट यांच्याकडे आले. बाळाजींच्या घराण्याकडे श्रीवर्धनची देशमुखी, म्हणजे परगण्याच्या वसुलीचे वंशपरंपरागत वतन, होती, आणि आंग्ऱ्यांशी संधान असल्याच्या संशयावरून जंजिऱ्याच्या सिद्दीने या घराण्याचा छळ केला, म्हणून त्यांना गाव सोडावे लागले, अशी परंपरा आहे. तिच्यात तथ्य असेल, तर ज्यांच्या नावाने गाव सुटले त्यांच्याशीच बोलणी करायला बाळाजी निघाले होते.

1714 च्या तहात कान्होजींना दहा किल्ले, सोळा लहान ठाणी मिळाली, सरखेलपद कायम राहिले, आणि त्यांनी पिंगळ्यांना सोडून शाहूंना छत्रपती मानले. जुन्या निष्ठेबद्दल शासन झाले नाही, उलट तिच्या बळावर उभी राहिलेली सत्ता मान्य झाली, आणि बाळाजींचे खरे मोठेपण येथेच आहे, कारण रणात जिंकलेल्या पक्षाला असा संयम सहसा सुचत नाही.

ताराबाईंच्या वाट्याला मात्र असा सन्मान आला नाही, कारण त्याच वर्षी ताराबाईंच्या कोल्हापूरच्या गादीवर राजारामांच्या दुसऱ्या पत्नी राजसबाई यांचे पुत्र संभाजी आले आणि ताराबाई पुत्रासह कैदेत पडल्या; शाहूंची सातारा व ही कोल्हापूर या दोन गाद्यांचा वाद पुढे 1731 च्या वारणेच्या तहाने मिटला, आणि वारणा नदी दोन राज्यांची सीमा ठरली.

श्रीवर्धन स्वतः पुढे जंजिरा संस्थानाचा भाग म्हणून 1948 पर्यंत सिद्दी नबाबांच्या अमलाखाली राहिले. तेथील बाळाजींचे स्मारक दाखवायला मुलांना नेणाऱ्या शिक्षकांनी कान्होजींची आणि ताराबाईंची बाजूही त्याच आदराने सांगावी.