विक्रेत्याविना खरेदी : आकर्षणाची सामाजिक बाजू (जत परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
ग्राहकाने माल स्वतः निवडावा, किमतीची नोंद यंत्रावर स्वतः करावी आणि कोणाशीही न बोलता पैसे चुकते करून बाहेर पडावे, या पद्धतीचे आकर्षण वाढत आहे. वेळेची बचत हे त्याचे कारण सामान्यतः सांगितले जाते. तथापि ते अपुरे आहे. विक्रेत्याच्या पारखणाऱ्या नजरेतून सुटका हे त्याहून खोल कारण होय. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

पद्धतीचा विकास :
पूर्वी किराणा माल विक्रेत्याच्या पाठीमागे असे व तो मागून घ्यावा लागे. अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी 1916 मध्ये 'पिग्ली विग्ली' हे दुकान काढून माल ग्राहकाच्या हाताशी आणला. 1980 च्या दशकात किमतीची नोंदही ग्राहकाकडे सोपविणारी यंत्रे तेथे आली. भारतात ती फारशी रुळलेली नाहीत. परंतु स्वयंनिवडीची दुकाने आणि 2016 मध्ये सुरू झालेली यूपीआय प्रणाली यांमुळे विक्रेत्याशी होणारे बोलणे पुष्कळ कमी झाले आहे.

नजरेचे ओझे :
पूर्वीच्या डफळे संस्थानाची राजधानी असलेले जत हे आज सांगली जिल्ह्यातील, कर्नाटक सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण आहे. अशा ठिकाणी दुकानदार गिऱ्हाइकाचे घर, जात व ऐपत जाणून असतो. कोणता माल पुढे करावयाचा हे पुष्कळदा त्यावरून ठरते. सॅनिटरी नॅपकिन मागताना स्त्रियांना वाटणारा संकोचही याच नजरेतून येतो. अस्पृश्यतेच्या काळात तर दलित ग्राहकास वस्तू दुरून टाकल्या जात. संविधानाच्या कलम 15(2) ने दुकानातील प्रवेशाचा भेद नाकारला आणि 1955 च्या कायद्याने तो दंडनीय ठरविला. परंतु नजर कायद्याने बदलत नाही. जेथे वस्तूस आपल्या हाताने स्पर्श करता येतो आणि किंमत सर्वांना सारखीच असते, तेथे मिळणारी मोकळीक या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

मर्यादा :
ही मोकळीक मात्र पूर्ण नाही. यूपीआयद्वारे पैसे देताना नाव उघड होते आणि देयक करताना अनेकदा भ्रमणध्वनी क्रमांक विचारला जातो. एका दुकानदाराच्या स्मरणाची जागा यंत्राचे स्मरण घेते. शिवाय जत हा अवर्षणप्रवण तालुका आहे. पीक आल्यावर पैसे देण्याच्या शब्दावर दुकानदाराच्या वहीत उधारी चालते. ओळखीतून अपमान होतो, त्याचप्रमाणे पतही मिळते. यंत्र दोन्ही नाकारते. तसेच मराठी व कन्नड बोलणाऱ्या या भागात निरक्षर वृद्धास त्याच्या भाषेत उत्तर देणारा माणूस लागतोच. अन्यत्रही याची जाणीव झाली आहे. नेदरलँड्समधील 'जम्बो' साखळीने 2019 मध्ये निवांत बोलू इच्छिणाऱ्यांसाठी स्वतंत्र गल्ला सुरू केला, तर ब्रिटनमधील 'बूथ्स'ने 2023 मध्ये बहुतेक दुकानांतून अशी यंत्रे काढण्याचे ठरविले.

समारोप :
सारांश, ग्राहकास नकोसा असतो तो माणूस नव्हे, तर त्याने केलेली पारख. ज्या दुकानात सर्वांना सारखा माल, सारखा भाव आणि सारखे बोलणे मिळते, तेथे यंत्राची ओढ कमी राहील. म्हणून या पद्धतीच्या अभ्यासात यंत्राच्या सोयीइतकाच गल्ल्यावरील वर्तनाचाही विचार होणे आवश्यक आहे.