भरसमुद्रात छातीत कळ आली तर? सातपाटीच्या बोटीवरचं एक बटण आणि त्यामागचं विज्ञान

समजा, सातपाटीची एक बोट पापलेटसाठी बाहेर पडली आहे. खाडीत गाळ साचलेला, म्हणून भरती साधून निघावं लागलं. बर्फ, डिझेल, पाणी, किराणा सगळं भरलेलं. दुसऱ्या रात्री जाळी सोडून झाल्यावर एक खलाशी छातीवर हात दाबून खाली बसतो. अंगाला दरदरून घाम. मोबाइलची रेंज कधीच गेली आहे आणि किनारा कित्येक तासांवर. अशा वेळी तांडेलाच्या हातात काय असतं?

आता त्याच्या हातात एक बटण असू शकतं. इस्रोने बनवलेलं संकटसंदेश पाठवणारं यंत्र २०१० पासून मच्छीमारांसाठी वापरात आहे. जुन्या यंत्रात बटण दाबलं की संदेश उपग्रहाकडे जायचा, पण तो पोहोचला की नाही हे बोटीवर कळायचं नाही. नव्या पिढीच्या यंत्रात 'मदत निघाली आहे' असं उलट उत्तर येतं आणि ते ब्लूटूथने मोबाइलवर आपल्या भाषेत वाचता येतं. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान पालघरला आले, तेव्हा देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवण्याच्या, सुमारे ३६० कोटींच्या योजनेची सुरुवात तिथूनच झाली. त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. ज्या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्या बंदराला वर्षानुवर्षं विरोध करत आले, त्याच किनाऱ्यावर एकाच दिवशी दोन्ही. असो, तो वेगळा विषय आहे.

आपला विषय ते बटण. कारण ते दाबल्यावर जे घडतं, त्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्र, वायरलेस आणि कम्प्युटिंग या तिन्ही शाखांचं काम आहे. यातलं बरंचसं संशोधन झालं तेव्हा 'याचा उपयोग काय?' या प्रश्नाला कुणाकडे धड उत्तर नव्हतं.

आधी कळायला हवं : आपण आहोत कुठे?

जुने तांडेल तारे बघत, वाऱ्याचा रोख बघत, शिसं सोडून किती वाव पाणी आहे ते मोजत आणि जागा ओळखत. आजची बोट उपग्रहांना विचारते. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत एकच गोष्ट सांगत असतात : 'मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.' तो संदेश बोटीपर्यंत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघतं. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. म्हणजे घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून उपग्रहात अणुघड्याळं बसवलेली असतात.

गंमत इथून पुढे आहे. आइनस्टाइनचं १९०५ चं म्हणणं असं की वेगाने पळणारं घड्याळ हळू चालतं. १९१५ चं म्हणणं असं की जिथे गुरुत्वाकर्षण कमी तिथे घड्याळ भरभर चालतं. उपग्रहाला दोन्ही लागू. वेगामुळे त्याचं घड्याळ दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं, तर उंचीमुळे सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. हिशेब होऊन ३८ मायक्रोसेकंद पुढे.

हे सगळ्यांनाच पटलं होतं असंही नाही. २३ जून १९७७ ला पहिलं सीझियम घड्याळ घेऊन एनटीएस-२ हा उपग्रह वर गेला, तेव्हा ही दुरुस्ती नेमकी किती करायची याबद्दल खात्री नव्हती आणि ती लागेलच का, असं म्हणणारेही होते. मग तोडगा निघाला. दुरुस्तीची सोय उपग्रहात बसवायची, पण बंद ठेवून पाठवायची. सुमारे वीस दिवस घड्याळ तसंच चालू दिलं. सिद्धांताप्रमाणे ते एक लाख कोटी भागांमागे ४४६.५ भाग पुढे जायला हवं होतं, प्रत्यक्षात ४४२.५ भाग गेलं. मग बटण चालू केलं.

या सिद्धांताशी आपलंही नातं जुनं आहे. कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर, म्हणजे जयंत नारळीकरांचे वडील, १९३० च्या दशकापासून बनारसला सापेक्षतावादावर संशोधन करत आणि करवून घेत होते. तेव्हा कृत्रिम उपग्रह नावाची वस्तूच नव्हती.

आता एका फॉरवर्डबद्दल. 'आइनस्टाइनची दुरुस्ती केली नाही तर जीपीएस रोज ११ किलोमीटरने चुकेल' हे वाक्य तुम्ही कधीतरी वाचलं असेल. ३८ मायक्रोसेकंदात लहर ११ किलोमीटर जाते, हे खरं. पण नकाशावरची तुमची जागा रोज ११ किलोमीटर सरकेल, हे तितकंसं खरं नाही. बोटीवरच्या यंत्राचं स्वतःचं घड्याळ साधंच असतं, त्यामुळे जागेसाठी तीन आणि वेळेसाठी एक असे चार उपग्रह लागतात. सगळ्या उपग्रहांची घड्याळं सारखीच पुढे गेली, तर बरीचशी चूक त्या चौथ्या हिशेबात जिरते. पण सगळी सारखी पुढे जात नाहीत. कक्षा किंचित लांबट असतात, त्यामुळे प्रत्येक घड्याळ आपापल्या तालाने थोडं मागेपुढे होतं. शिवाय आजची यंत्रं वेगवेगळ्या उंचीवरच्या निरनिराळ्या देशांच्या उपग्रहांचे संदेश एकत्र वापरतात. तिथे चुका आपोआप कटत नाहीत. म्हणून दुरुस्ती हवीच, फक्त फॉरवर्डमध्ये सांगतात तितकं ते गणित सोपं नाही.

घड्याळ बिघडलं तर काय होतं, हे आपण नाविकच्या बाबतीत बघितलं आहे. १ जुलै २०१३ ला सोडलेल्या आपल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहातली परदेशातून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली. बाकी उपग्रह धडधाकट होता, पण घड्याळाशिवाय जागा सांगण्याच्या कामाचा उरला नाही. बदली म्हणून २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह वरचं आवरण न सुटल्यामुळे वाया गेला. एप्रिल २०१८ मध्ये दुसरा पोहोचला. भारतात बनवलेलं अणुघड्याळ घेऊन पहिला उपग्रह गेला तो २९ मे २०२३ ला.

डहाणू-तलासरीकडची कितीतरी माणसं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात कुंपण नसतं. सरहद्द ओलांडली म्हणून बोट पकडली गेली की घरच्यांची वर्षं पाकिस्तानातल्या तुरुंगाकडे डोळे लावून जातात. जागा अचूक कळणं म्हणजे काय, ते त्या घरांत विचारा.

कुजबुज ऐकायची कशी?

उपग्रहाचा संदेश बोटीपर्यंत येतो तेव्हा त्याची ताकद उरते एका वॅटचे एक कोटी कोटी भाग करून त्यातल्या एकाचा सुमारे शंभरावा भाग... नको, आकडा डोक्यात बसत नाही. असं समजा की सातपाटीच्या धक्क्यावर लिलाव रंगात आला आहे आणि त्या गोंगाटात कुणीतरी लांबून तुमच्या कानात कुजबुजतंय. गोंगाट कुजबुजीपेक्षा कितीतरी पट मोठा.

मग ऐकू कसं येतं? कारण काय कुजबुजणार, हे आधीच ठरलेलं असतं. प्रत्येक जीपीएस उपग्रह शून्य आणि एक यांची १,०२३ अंकांची ठरलेली माळ दर मिलिसेकंदाला म्हणतो. बोटीवरची चिप तीच माळ स्वतःशी म्हणत, पुढेमागे सरकवत जुळवून बघते. जुळली की गोंगाटातून संदेश वर येतो. एका उपग्रहाची माळ दुसऱ्याच्या माळेत मिसळू नये, अशा माळा कशा बनवायच्या हे रॉबर्ट गोल्ड यांनी १९६७ मध्ये दाखवलं. त्याखालचं गणित आहे एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच पोराचं, जो १८३२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वात मेला. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही हेच चाललेलं असतं.

आणि तो खलाशी?

जागा कळली, संदेश ३६,००० किलोमीटरवरच्या दळणवळण उपग्रहाकडून खाली नियंत्रण केंद्रात गेला. पण त्याच्या छातीत काय चाललंय?

हृदयाचा ठोका म्हणजे विजेचा छोटा झटका. कातडीवर तो साधारण एक मिलिव्होल्ट इतका उमटतो. तोच ईसीजीत दिसतो. सातपाटीच्या उत्तरेला तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. त्याच अणुऊर्जा खात्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने खिशात मावणारं बारा लीडचं टेलि-ईसीजी यंत्र बनवलं. ते ईसीजी काढून मोबाइलवर देतं, मोबाइल तो डॉक्टरांकडे पाठवतो. खेड्यापाड्यांसाठी उत्तम. पण समुद्रात मोबाइल मुका. मग तोच ईसीजी उपग्रहाने पाठवायचा म्हटलं, तर हिशेब करून बघू. बारापैकी चार लीड बाकीच्यांवरून गणिताने काढता येतात, म्हणजे पाठवायच्या आठ. दहा सेकंदांची नोंद, सेकंदाला ५०० आकडे. झाले ४०,००० आकडे. बोटीवरचं संकटयंत्र छोट्या संदेशांसाठी आहे, त्यातून हे गाडं जाणं कठीण. त्यामुळे दोनच वाटा उरतात : आकडे दाबून लहान करायचे, किंवा ईसीजी बोटीवरच यंत्राने वाचायचा आणि किनाऱ्याला फक्त निकाल कळवायचा. वायरलेस वैद्यकीय यंत्रांवरचं बरंच संशोधन याच पेचाभोवती फिरतं. यंत्राचं वाचन चुकलं तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मात्र गणिताने सुटणारा नाही.

आता त्या खलाशाच्या छातीत पेसमेकर असेल तर? इथे समुद्र आणि शरीर यांचं एक साम्य आड येतं. दोन्हींत खारं पाणी. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ, आपल्या रक्ताच्या पाण्यात एक टक्क्याच्या आत. मीठ विरघळलेलं पाणी वीज वाहून नेतं आणि रेडिओ लहर गिळतं. म्हणूनच मासे शोधणारं फिशफाइंडर रेडिओ वापरत नाही, आवाज वापरतं. मोबाइलच्या लहरी समुद्रात काही सेंटीमीटरांतच विरतात. फोन मागच्या खिशात असला की ब्लूटूथ इअरफोन कधी कधी खरखरतो, तेही यामुळेच. मध्ये तुम्ही असता.

लहरींची कंपनं जितकी जास्त, तितकं शरीर त्यांना जास्त गिळतं. कंपनं कमी केली तर अँटेना लांबलचक लागतो, तो छातीत मावत नाही. या ओढाताणीतून शरीरातल्या यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरला. ताकदीची मर्यादा फक्त २५ मायक्रोवॅट. हवामान खात्याचे फुगे याच पट्ट्यात बोलतात. आणि शेजारीच, ४०६ मेगाहर्ट्झवर, जगभरातल्या जहाजांची आणि विमानांची संकटयंत्रं ओरडतात.

अशा पेसमेकरशी रुग्णाच्या उशाजवळचं यंत्र रात्री बोलतं आणि माहिती रुग्णालयाला कळवतं. नव्या काहींत ते काम ब्लूटूथने फोनच करतो. सोय आहे, पण हवेतून बोलणाऱ्या यंत्राशी तिसराही बोलू शकतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत एका हृदययंत्राला बाहेरून हुकूम देऊन दाखवले. तेव्हा अनेकांना ते अतिरंजित वाटलं. २०१७ मध्ये त्याच देशात सुमारे ४,६५,००० पेसमेकरांचं सॉफ्टवेअर सुरक्षेसाठी बदलून घ्यायला सांगण्यात आलं. बोटींचंही तेच. २०१३ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या चमूने भूमध्य समुद्रात, मालकाच्या परवानगीने, एका आलिशान नौकेला खोटे जीपीएस संदेश ऐकवले. नौका वाट सोडून वळली आणि पडद्यावर मात्र ती सरळच जात होती.

यावरून पेसमेकर नको असं कुणी समजू नये. त्याने वाचलेले जीव आणि प्रयोगशाळेतला तो धोका यांची तुलनाच होत नाही. घरी कुणाला पेसमेकर असेल तर एवढंच सांगा की फोन शर्टाच्या त्या बाजूच्या खिशात ठेवायचा नाही, पंधरा सेंटीमीटर तरी अंतर राहू द्यायचं. फोनमधल्या चुंबकासाठीही हे लागू आहे.

आणि बोटीवर कुणी असेल तर एक गोष्ट सांगा. वायरलेसवरून जागा कळवताना आकडा अंश-मिनिटांत आहे की दशांशात, हे बोलून दाखवायचं. सातपाटी साधारण १९ अंश ४३ मिनिटांवर आहे. घाईत 'एकोणीस पॉइंट त्रेचाळीस' असं सांगितलं, तर सगळी अणुघड्याळं बरोबर असूनही मदत ३२ किलोमीटर दक्षिणेला, अर्नाळ्यासमोर जाऊन शोधत बसेल.