भेट म्हणून सुटा चहा : काय पाहावे?

- सीटीसी : दाणेदार. दूध-साखर घालून उकळण्यासाठी. घरांत रोजचा चहा बहुधा हाच. आसामचा सीटीसी गडद व कडक.
- ऑर्थोडॉक्स : वळलेली पाने. शक्यतो बिनदुधाचा.
- दार्जिलिंग : भौगोलिक मानांकन मिळालेले पहिले भारतीय उत्पादन (२००४-०५). मार्च-एप्रिलची तोड फिकट, फुलांच्या गंधाची. मे-जूनची गडद, द्राक्षाच्या छटेची.
- निलगिरी : सुवासिक. लिंबू घालूनही चालतो.
- पारख : पाने एकसारखी, काड्या व भुकटी कमी. पॅकिंगची तारीख पाहावी.
- डबा : हवाबंद, अपारदर्शक. मसाल्यांजवळ ठेवू नये. चहा वास ओढतो.
- सोबतची चिठ्ठी : दार्जिलिंगसाठी कपभर गरम पाण्याला सुमारे २ ग्रॅम पाने, ३ मिनिटे झाकून, मग गाळावे.